शौनकचा बाप

महामाया शिवणयंत्रावर बसली की बोलायला लागते, हे साऱ्या दुसरबीडला ठाऊक आहे. पाय पायट्यावर, नजर सुईवर आणि तोंड चालू. समोर कोणी बसलेलं असतं तर गोष्ट वेगळी होती. पण दुकानात चिटपाखरू नसताना ही बाई बोलते, आणि बोलते ती आपल्या गावच्या बोलीत नाही, टीव्हीतल्या भाषेत. "बाबा, तुम्ही मला कधी समजूनच घेतलं नाहीत," असं एखाद्या तरण्या पोराच्या आवाजात म्हणते. मग जरा थांबते, आवाज घोगरा करते आणि त्या पोराला बापाचं उत्तरही देते. ब्लाऊज टाकायला आलेली नवखी बाई पायरीवरच थबकते. जुन्या गिऱ्हाइकांना सवय झाली आहे. त्या बाहेरून हाक मारतात आणि मग आत येतात.

खरं कारण अगदी साधं आहे. महामाया गोष्टी लिहिते. हात शिवण्यात गुंतलेले असतात म्हणून तोंडाने लिहिते. मोबाईल समोर टेकवून ठेवायचा, माइकचं बटण दाबायचं आणि बोलत राहायचं, बोललेलं सगळं मोबाईल आपोआप टाइप करतो. मोबाईलला वऱ्हाडी पचत नाही, म्हणून ती शहरातल्यासारखं बोलते. दोनचार बायांना तिने हे सांगूनही पाहिलं. त्यांनी "हाव का" म्हटलं आणि घरी जाऊन सांगितलं की तिच्या अंगात येतं. गावाचं असंच असतं. उत्तर आधीच ठरलेलं असतं, विचारायचं ते रीत म्हणून.

त्यात नाव महामाया. हे नाव तिच्या बापाने, जानरावने, सिद्धार्थाच्या आईवरून ठेवलं होतं. पण नदीपलीकडच्या आळीतल्या बायांना ते देवीचंच वाटायचं, आणि देवीच्या नावाची बाई एकटीच दोन आवाजांत बोलते म्हटल्यावर त्यांना आणखी पुरावा कशाला हवा? जानराव मात्र या बोलण्याने चिडायचा. अंगारेधुपारे, उतारे, भगत यांच्याशी भांडण्यात त्याची जवानी गेली होती. कोणाच्या अंगात कोणी येत नसतं, हे वाक्य महामायाने आईच्या दुधाबरोबरच प्यालं होतं.

ती काय लिहिते, तेही सांगून टाकतो. आठ वाजता एक मालिका लागते. त्यात उसाच्या कारखान्याचे मालक भाऊसाहेब रायबागकर आणि त्यांचा एकुलता एक लाडावलेला पोरगा शौनक. गाडी उडवायची, नोकरांना लाथाडायचं, नायिकेच्या वाटेत आडवं यायचं, हा त्याचा धंदा. दर भागात तो काहीतरी करून ठेवतो आणि दर भागात भाऊसाहेब ते निस्तरतात. ही माणसं उचलून महामाया त्यांना आपल्या मनासारखं वागायला लावते आणि एका गोष्टींच्या अॅपवर टाकते. असल्या लिखाणाला फॅन फिक्शन म्हणतात, हे तिला एका वाचक मुलीने कळवलं. तोवर ती त्याला नुसतं 'शौनकचं' म्हणायची. आज शौनकचं लिहायचं आहे, उद्या शौनकचं लिहायचं आहे.

या लिखाणाची एक ठरलेली रीत आहे. वाया गेलेलं पोरगं वाचकांना फार आवडतं. ते मुळात वाईट नव्हतं, असं कोणीतरी सांगावं म्हणून वाचक जीव टाकतात. आता पोराला चांगलं करायचं तर त्याचं पाप कुठेतरी ठेवायला हवं. ते सगळे बापाच्या डोक्यावर ठेवतात. बाप कठोर, बाप खोटा, बापाने पोराच्या आतला चांगुलपणा चिरडला. शौनकला धुवायचं आणि ते पाणी भाऊसाहेबांवर ओतायचं. महामायाही तेच करायची आणि वाचक डोळ्यांतून पाणी येणारी चित्रं पाठवायचे.

तिने सुरुवात मात्र उलट्या हेतूने केली होती. तिला शौनकला हालहाल करून मारायचं होतं.

कारण तिने एक शौनक जवळून पाहिलेला होता. इंद्रभान हा गावातला भाजीपाला पिकवणारा मोठा शेतकरी. शेडनेटच्या जाळीखाली मिरचीचं बियाणं करतो, बारा महिने त्याच्याकडे मजूर असतात. जानराव त्याच्याकडे वर्षानुवर्षं सालदार होता. दोघं बांधावर बसून आपापली भाकर खायचे, मध्ये हातभर अंतर ठेवून, पण खायचे सोबत. इंद्रभानला नवसाने झालेला एक पोरगा, ऋत्विक. मागेल ते हजर. ट्रॅक्टर चालवता येण्याआधी ट्रॅक्टरवर बसून व्हिडिओ काढायचा त्याला शौक. असाच एकदा तो मित्रांना दाखवायला मोबाईल हातात धरून ट्रॅक्टर मागे घेत होता आणि मागे जानराव ट्रॉलीची पिन बसवत होता. चाक जानरावच्या मांडीवरून गेलं. पाय राहिला, पण नावापुरता.

पाय गेला ते जानरावने सोसलं असतं. पण इंद्रभानने दुसऱ्या दिवशी गावात सांगितलं की जानराव पिऊन आला होता, तोल जाऊन चाकाखाली पडला.

जानराव पौर्णिमेला विहारात सगळ्यांच्या पुढे उभं राहून पंचशील सांगायचा. दारू न पिण्याचं पाचवं शील आलं की त्याचा आवाज अंमळ वर चढायचा, कारण ते त्याने अक्षरशः पाळलं होतं. इंद्रभानच्या त्या वाक्यानंतर कोणी त्याला काही म्हटलं नाही. नुसतं पाचव्या शीलाला दोन पोरांनी एकमेकांकडे पाहिलं. पुढच्या पौर्णिमेपासून जानराव कुबडी घेऊन मागच्या भिंतीला टेकून बसू लागला. आणि साखरखेर्ड्याहून महामायाला आलेलं स्थळ, जे जवळजवळ पक्कं झालं होतं, ते बाप पितो म्हणून मोडलं. त्यानंतर तिने लग्नाचा विषय कोणाला काढू दिला नाही.

पुढे हिवाळ्यात ऋत्विक मोटारसायकलवरून उभ्या ट्रकवर आदळून मेला. गाव हळहळलं. महामाया हळहळली नाही आणि हळहळली नाही म्हणून तिला स्वतःचीच भीती वाटली. तिला वाटलं होतं की तो मेला की आपला राग विझेल. पण राग जागच्या जागी होता, फक्त ज्याच्यावर काढायचा तो निघून गेला होता. मग आठ वाजता शौनक दिसू लागला, तसाच केस उडवणारा, तसाच 'चल हट' म्हणणारा. तिने त्याला मारण्यासाठी मोबाईल हाती घेतला, आणि मारता मारता वाचकांच्या नादाने त्याला माणूस करून बसली.

त्या दुपारी ती गोष्टीतला मोठा प्रसंग बोलत होती. शौनकच्या गाडीखाली एका म्हाताऱ्या मजुराचा पाय सापडतो. भाऊसाहेब सगळ्यांना सांगतात की मजूर दारू प्यायलेला होता. स्वतःच्या घरचं दुखणं तिने जसंच्या तसं उचलून रायबागकरांच्या बंगल्यात ठेवलं होतं. फक्त पुढचं तिचं होतं. पुढे शौनकला झोप येईना. तो बापासमोर उभा राहतो. यंत्र चालवत, पोराच्या आवाजात महामाया बोलली:

"बाबा, तो प्यायला नव्हता. मी उद्या सगळ्यांना खरं सांगणार आहे. मग तुम्ही मला घरात ठेवा नाहीतर हाकलून द्या."

आणि मग आपल्या आवाजात, मोबाईलसाठी: भाऊसाहेबांनी आयुष्यात पहिल्यांदा मुलावर हात उचलला. शौनक गाल धरून उभा राहिला. मग काही न बोलता गाडीची किल्ली घेऊन बाहेर पडला. पूर्णविराम.

बाहेर काहीतरी पडल्याचा आवाज झाला. तिने वळून पाहिलं तर पायरीवर स्टीलचा डबा पडला होता आणि रुक्मिणीबाई, इंद्रभानची बायको, दाराच्या चौकटीला धरून उभी होती. ती ब्लाऊज न्यायला आली होती. महामाया उठेपर्यंत ती डबा तिथेच टाकून निघून गेली. महामायाला वाटलं, झालं, आपण तिच्या घरची लक्तरं वेशीवर टांगली हे तिला कळलं, आता भांडायला येतील. येऊ देत, असंही वाटलं. इतक्या वर्षांनी एकदा भांडण झालं तर बरंच होईल.

दुसऱ्या दिवशी दोघं आली, पण भांडायला नाही. रुक्मिणीबाईच्या हातात नारळ होता, ओटीचं सामान होतं. इंद्रभान मागे होता. तो या दाराशी कधी आला नव्हता. अपघात झाला तेव्हाही नाही. उंच, रुंद खांद्याचा माणूस, पण खांद्यांतली हवा गेली होती. दुकानाची मागची भिंत म्हणजे घराचा पुढचा पडदा. पडद्याआड जानराव खाटेवर होता आणि त्याला सगळं ऐकू येत होतं, हे महामायाला माहीत होतं.

रुक्मिणीबाईने नारळ यंत्राच्या फळीवर ठेवला आणि वाकून महामायाच्या पायाला हात लावायला गेली. महामायाने पाय मागे घेतले. इंद्रभान मात्र सरळ तिच्या तोंडाकडे बघत होता. तिच्याकडे बघतच नव्हता म्हणा, तिच्या आत कोणी आहे का ते शोधत होता. असं कोणी आपल्याकडे बघितलं की आपणच आपल्या घरात पाहुणे आहोत असं वाटतं.

"माया," तो म्हणाला, "त्याले इचार. त्यो रागात गेला का? का चुकून झालं? एवढंच इचार. मंग त्याले तरास नाही देनार मी."

महामायाला तेव्हा सगळं उमगलं. आणि जे वाटलं ते वाईट होतं, ते लपवण्यात अर्थ नाही. तिला वाटलं, हा माणूस आपल्या हातात आला. शौनकचा आवाज तिच्या जिभेवर तयारच होता. 'तुम्हीच मारलंत मला, बाबा,' एवढं म्हणायचं. हा माणूस ते वाक्य चितेपर्यंत वाहून नेईल. बापाचा पाय, विहारातली मागची भिंत, साखरखेर्ड्याचं मोडलेलं स्थळ, सगळ्याची फेड एका वाक्यात. वाचकांना तर हेच हवं होतं. आतापर्यंत तिने लिहिलेल्या प्रत्येक भागात भाऊसाहेबांना हेच ऐकावं लागलं होतं.

तिने तोंड उघडलं आणि पडद्यामागे जानराव खोकला. तो नेहमीचाच खोकला होता, त्यात इशारा वगैरे काही नव्हता. पण तिला आठवलं की ती कोणाची मुलगी आहे.

"काका, माह्या अंगात कोनी येत नाही," ती म्हणाली. तिने मोबाईल दाखवला. मालिका सांगितली, शौनक सांगितला, भाऊसाहेब सांगितले. मी मनानं रचून बोलते अन् हा टाइप करते, लोक वाचतेत, बस. माह्या बाबाचं अन् तुमच्या पोराचं जे झालं थे मी त्यात टाकलं, त्याच्यासाठी मले जे म्हनाचं थे म्हना. पन तुमचा ऋत्विक माह्याकडे कधी आला नाही. हे सगळं तिने एका दमात सांगितलं आणि तिला हलकं वाटेल असं वाटत होतं, पण वाटलं नाही.

इंद्रभानने मोबाईलकडे पाहिलंही नाही. "मंग तुले कसं माहीत," त्याने विचारलं, "का मी त्याले मारलं?"

महामायाला काही कळेना.

मग तो सांगू लागला, आणि रुक्मिणीबाई तोंडाला पदर लावून ऐकू लागली, कारण हे तिनेही काल रात्रीच पहिल्यांदा ऐकलं होतं. ज्या संध्याकाळी ऋत्विक गेला, त्या संध्याकाळी बापलेक शेडनेटमध्ये दोघंच होते. पोरगा म्हणाला, जानरावबाबा पेला नव्हता, माहीच चूक होती, मी पौर्णिमेले विहारात जाऊन सगळ्याइच्या समोर सांगून देतो. इंद्रभानने जन्मात पहिल्यांदा त्याच्यावर हात उचलला. पोरगा गाल धरून उभा राहिला. मग किल्ली घेऊन गेला. ही गोष्ट इंद्रभानने बायकोला सांगितली नव्हती, देवाला सांगितली नव्हती. आणि काल रुक्मिणीबाई धावत घरी आली आणि तिने ती जशीच्या तशी त्याला ऐकवली.

वाचकांच्या समाधानासाठी महामायाने एका वाईट पोराला खोटा चांगुलपणा चिकटवला होता. तो खरा निघाला होता. ज्याच्या मरणावर ती हळहळली नव्हती, तो तिच्या बापाचं नाव परत द्यायला निघाला होता.

"मले नव्हतं माहीत, काका," ती म्हणाली. "खरंच मनानं रचलं."

"म्हंजे त्यो काहीच नाही बोलला?"

"नाही."

इंद्रभान उठला. दाराशी जाऊन थांबला आणि पाठमोराच म्हणाला, "बापाले दोष देत होता, तरी बोलत तं होता. कालपासून पोरगं बोलत होतं."

ती दोघं गेल्यावर महामाया पडद्याआड गेली. आपण खरं बोललो, बापाला बरं वाटलं असेल, असं तिला वाटलं होतं. जानराव खाटेवर बसून आपल्या वाकड्या पायाकडे बघत होता. "पोरगं सांगनार होतं," एवढंच तो म्हणाला. मग त्या दिवशी तो जेवला नाही. दुसऱ्या दिवशी कोणा पाहुण्याने महामायाच्या लिहिण्याबद्दल विचारलं तर त्याने त्याला उडवून लावलं.

त्यानंतर महामायाचं शौनकचं बंद पडलं. बोलायला बसली की आवाज यायचा, पण तो आता तिचा वाटायचा नाही. पूर्वी ती शौनकला बोलायला लावायची. आता तिला वाटायचं की आपण तोंड उघडलं तर तो आपल्याला नको ते सांगेल, आणि ते खरं निघेल. मोबाईल समोर ठेवायची आणि माइकचं बटण न दाबताच शिवत बसायची. भरदुपारी, उघड्या रस्त्यावर, ट्रॅक्टर धडधडत जात असतानाही तिला पाठीमागे कोणीतरी गाल धरून उभं असल्यासारखं वाटायचं. अंगात कोणी येत नसतं, हे ती स्वतःला पुन्हा पुन्हा सांगायची. येत नसतं हे खरंच होतं, पण आलेला जात नव्हता. वाचक विचारत होते, शौनक किल्ली घेऊन कुठे गेला, त्याला मारू नका, आणि त्या राक्षस बापाला सोडू नका.

रुक्मिणीबाईचा ब्लाऊज आणि डबा तसेच पडून होते. ते द्यायला महामाया एकदाची इंद्रभानच्या मळ्यात गेली. शेडनेटमध्ये मजूर बाया मिरचीच्या फुलांवर वाकून एका फुलाचे पराग दुसऱ्याला लावत होत्या. इंद्रभान टोकाला पाण्याच्या टाकीजवळ बसला होता. त्याने तिला बस म्हटलं. रागावलेला दिसत नव्हता. बराच वेळ इकडचं तिकडचं झाल्यावर त्याने विचारलं की त्या गोष्टीतल्या बापाचं पुढे काय होतं.

महामायाने सांगून टाकलं, लपवायचं काही राहिलं नव्हतं. वाचकांना वाटते का त्याले शिक्षा व्हावी. पोरगा जाईन अन् त्यो झुरून मरन.

इंद्रभान हसल्यासारखा झाला. म्हणाला, मरत नसते कोनी झुरून. झुरायले लागलं का मान्साची जिंदगी उलटी वाढते. मग टाकीच्या काठावर बोट फिरवत राहिला आणि खाली मान घालून म्हणाला, "त्याले त्या मजुराच्या घरी पाठव. मले नाही जमलं. त्याले तरी पाठव."

ती घरी आली ती हेच डोक्यात घेऊन. कित्येक दिवसांनी तिने माइकचं बटण दाबलं. भाऊसाहेब रायबागकर बंगल्यातून निघाले. गाडी नाही, ड्रायव्हर नाही, पायी. हे सगळं तिला दिसत होतं. त्यांनी मजुराच्या वस्तीची वाट विचारली, कुत्री अंगावर आली, बाया पदर सावरून उभ्या राहिल्या. ते मजुराच्या घरासमोर पोचले. इथे महामाया अडली. बाप काय म्हणेल ते तिला ठाऊक होतं. 'तू प्यायला नव्हतास' एवढंच तर म्हणायचं होतं. पण मजूर दार उघडेल का, हे तिला कळेना. तिच्या मनात येई की उघडू नये, भाऊसाहेबांना दारात उभं ठेवावं, उन्हात, सगळ्या वस्तीसमोर. मग इंद्रभानचं पाठमोरं अंग आठवे. दोन्हींकडे पाय टाकून तिला चालता येईना.

शेवटी ती पडद्याआड गेली आणि जानरावला सरळ विचारलं. गोष्टीतला बाप मजुराच्या दारी आला हाय. मजूर दार उघडते का नाही?

जानराव कुबडी मांडीवर घेऊन तिचं रबर नीट करत होता. त्याने वर पाहिलं नाही. कोणाची गोष्ट, कोणता बाप, हे त्याला सांगावं लागलं नाही. बराच वेळ तो रबर दाबत राहिला.

"आपलं दार दिवसा कधी लावलं होतं?" तो म्हणाला. "उघडंच होतं. येनाराच आला नाही."

तिने ते तसंच लिहिलं, आणि या वेळी शहरी मराठी केलं नाही. मोबाईलने दोन शब्द धुडकावले, ते तिने बोटाने एकेक अक्षर दाबून बसवले. भाग टाकला. वाचक नाराज झाले. एकीने लिहिलं, भाऊसाहेब असे वागूच शकत नाहीत, हे खरं वाटत नाही. दुसरीने लिहिलं, बापाला इतक्या स्वस्तात सोडलंत, शौनकला न्याय मिळाला नाही. महामायाने दोन्ही वाचलं आणि कोणालाही उत्तर दिलं नाही.

मग ती मळ्यात गेली. इंद्रभानला अक्षर लागत होतं, पण चष्म्याशिवाय नाही, आणि चष्मा त्याने पोरगा गेल्यापासून लावलेला नव्हता. तिने टाकीपाशी उभं राहून त्याला वाचून दाखवलं. पोराचा आवाज काढला नाही, बापाचा काढला नाही, आपल्याच आवाजात वाचलं. शेजारच्या ओळीतल्या मजूर बायांचे हात फुलांवरच थांबले. भाऊसाहेब चालले, कुत्री आली, घर आलं. आणि मजूर म्हणाला की दार उघडंच होतं, येणाराच आला नाही.

इंद्रभानने हात वर केला. तिने वाचणं थांबवलं. त्याने तेवढं परत वाचायला सांगितलं, आणि तिने वाचलं.

"हे तुवं नाही लिहलं," तो म्हणाला. "हे जानरावचं बोलनं हाय."

महामायाने मान हलवली. पोराचं म्हणून त्याने जे ऐकलं होतं ते तिचं होतं. आता तिने मजुराचं म्हणून जे वाचलं ते मात्र त्याने बरोबर ओळखलं होतं. इतकी वर्षं हातभर अंतरावर बसून भाकर खाल्लेली असते, आवाज ओळखू येणारच. त्याच्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि ते पुसायचं त्याच्या ध्यानात नव्हतं.

"घरी हाय का त्यो आता?" त्याने विचारलं.

"घरीच असतेत. त्या पायानं जातीन कुठं."

ती टोचून बोलली नव्हती, जे होतं ते बोलली होती. पण इंद्रभानचा चेहरा गाल धरून उभ्या राहिलेल्या माणसासारखा झाला. थोड्या वेळाने त्याने खांद्यावरचा दुपट्टा झटकला, पायात चपला घातल्या.

"चाल," तो म्हणाला. "पन तिथं तू बोल. तुले बोलता येते. मले नाही जमाचं."

"नाही काका," महामाया म्हणाली. "मी बोलली तं थे गोष्टच होईन."

मजूर बाया पुन्हा फुलांवर वाकल्या, पण कोणाचंच लक्ष फुलांत नव्हतं. मग त्याने शेडनेटचा पडदा बाजूला केला आणि गावाच्या वाटेला लागला. महामाया त्याच्या मागे, जरा अंतर ठेवून, गप्प चालत राहिली.